बिनओझ्याचे चालणे

'फिरायला जाणे' हे शब्द आपल्या घरांत अलीकडे आले. आपल्या आजोबा-पणजोबांना चालणे ठाऊक होते, फिरणे ठाऊक नव्हते. चालायचे ते कामासाठी, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच्या कामासाठी. गावचा सांगावा परगावी पोचवायचा, वसुलीची रक्कम घेऊन जाणाऱ्याबरोबर तालुक्यापर्यंत जायचे, साहेबाच्या घोड्यापुढे वाट दाखवत धावायचे, कुणाच्या घरी मयत झाले तर त्याची वर्दी गावोगाव द्यायची. रात्र असो, पाऊस असो, नाही म्हणण्याची सोय नव्हती. याचेच नाव महारकी. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले ते या गुलामीविरुद्ध. ती वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. तेव्हा कुठे आपल्या पायांवरचा दुसऱ्याचा हुकूम कागदोपत्री तरी उठला.

म्हणून सावंतवाडीच्या मोती तलावाकाठी रविवारी सकाळी आपल्या एखाद्या वाडीतले जोडपे हात मोकळे सोडून, मुलांना पुढे घालून चालताना दिसले की मला ती साधी गोष्ट वाटत नाही. त्या दोघांच्या मागे किती पिढ्यांची पायपीट आहे, हे आठवते. आणि मनात येते, की आपल्या पायांनी आपल्या आनंदासाठी चालणे हेसुद्धा एक मिळवलेले स्वातंत्र्य आहे. ते आपण वापरतो का?

पुरुषांचे एक वेळ सोडा. आपल्या आया-बहिणींचे चालणे तर आणखी कष्टाचे. कोकणातली बाई म्हणजे डोक्यावर भारा, हे चित्र आपण सर्वांनीच पाहिले आहे. लाकडाची मोळी, गवताचा भारा, आंब्याची पाटी, सुक्या मासळीची टोपली. पहाटे अंधारात निघायचे, डोंगर-व्हाळ ओलांडून बाजार गाठायचा, पदरात चार पैसे घ्यायचे आणि दिवे लागायच्या आत परतायचे. उर्मिला पवार यांचे 'आयदान' हे आत्मकथन २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यात गावाहून रत्नागिरीच्या बाजाराला ओझी घेऊन डोंगरवाटेने जाणाऱ्या बायकांचे जे चित्रण आहे ते वाचताना आमच्या वाडीतल्या कितीतरी बायका मला डोळ्यांसमोर दिसल्या. रत्नागिरी काय, सावंतवाडी काय आणि वेंगुर्ला काय, ओझे तेच आणि चढही तोच.

आमच्या वाडीतील काही कुटुंबांनी मिळून महिन्यातून एक रविवार कुठेतरी चालत जायचे ठरवले, तेव्हा एका म्हाताऱ्या काकीने मला अडवून विचारले, "अरे, डोक्यार भारो नाय, काखेत पोर नाय, बाजार नाय की काम नाय. मग चालूचा कित्याक?"

काकीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जिने चाळीस वर्षे ओझे वाहिले तिला बिनओझ्याने चालण्यात काय अर्थ आहे, हे समजावून सांगणे आपल्यासारख्या चार बुके शिकलेल्यांचे काम आहे. या लेखात मी तेच करण्याचा प्रयत्न करणार आहे.

तथागतांचे चालणे

बंधू-भगिनींनो, आपला धम्म हा चालणाऱ्यांचा धम्म आहे. बोधगयेला नेरंजरा नदीच्या काठी संबोधी प्राप्त झाल्यावर भगवंतांनी काही आठवडे त्याच परिसरात घालवले. त्यांपैकी एक आठवडा ते शांतपणे येरझाऱ्या घालत चिंतन करीत होते, अशी परंपरा सांगते. या चालण्याला चंक्रमण म्हणतात. बोधगयेच्या महाविहाराशेजारी ती चंक्रमणाची जागा आजही दाखवतात. त्यानंतर भगवंत निघाले ते पायी सारनाथला. हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. जे कळले ते पाच जुन्या सोबत्यांना सांगायचे, एवढ्यासाठी हा प्रवास. आणि तेथून पुढे पंचेचाळीस वर्षे ते चालतच राहिले. गाव, नगर, नदीकाठ, आमराई. राजाच्या वाड्यावर जसे गेले तसे सुनीत भंग्याच्या वाटेवरही गेले. भिक्षूंनाही त्यांनी हेच सांगितले, की बहुजनांच्या हितासाठी आणि सुखासाठी फिरत राहा.

अंगुत्तर निकायात भगवंतांनी चंक्रमणाचे पाच फायदे सांगितले आहेत. लांबचा प्रवास करण्याची ताकद येते. कष्ट सोसण्याची शक्ती वाढते. प्रकृती निरोगी राहते. खाल्लेले-प्यालेले नीट पचते. आणि चालता चालता साधलेली मनाची एकाग्रता जास्त काळ टिकते. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे सांगणे आजच्या दवाखान्यातल्या सल्ल्यापेक्षा वेगळे आहे काय? जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्यातून निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करायला सांगते. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालणे. आज आपल्यात शेतमजूर कमी झाले, खुर्चीवर बसणारे वाढले. आम्ही कारकून मंडळी दिवसभर फायलींत मान घालून बसतो, संध्याकाळी मोटारसायकलवर बसतो आणि रात्री दूरदर्शनपुढे बसतो. मग चाळिशीतच साखर आणि रक्तदाब मागे लागतो. आजोबांना हे रोग माहीत नव्हते. पण त्यांचे हाल परत आणून रोग टाळायचे नाहीत. त्यांचे पाय ठेवायचे, त्यांचे ओझे ठेवायचे नाही.

धम्मात आणखी एक विचार आहे, तो आपल्या कोकणाला नेमका लागू पडतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्षू वर्षावास करतात, एका ठिकाणी राहतात. पावसात फिरल्याने कोवळे गवत तुडवले जाते, बारीक जीवजंतू मरतात, अशी लोकांची तक्रार आली आणि भगवंतांनी हा नियम घालून दिला. सामान्य शेतकऱ्याच्या मनाची आणि मुंगीच्या जिवाचीही कदर करणारा हा नियम आहे. आम्हीही तोच पाळतो. सिंधुदुर्गातला पाऊस काय असतो हे सांगायला नको. म्हणून आमचे चालणे वर्षावास संपल्यावर सुरू होते आणि मे महिन्याच्या उकाड्याआधी आटोपते.

आपले पूर्वज भिक्षू याच कोकणच्या वाटांनी चालले. दापोली तालुक्यात पन्हाळे काजी येथे कोटजाई नदीच्या काठी २९ लेणी आहेत. त्यांची सुरुवात बौद्ध भिक्षूंच्या वसतीने झाली. नदी आणि चालायची वाट, या दोन गोष्टी बघूनच लेण्यांची जागा निवडली जात असे. आणि अलीकडच्या काळात पाली वाङ्मय मराठीत आणणारे धर्मानंद कोसंबी? त्यांचा जन्म १८७६ साली आपल्या तेरेखोल नदीच्या पलीकडे, गोव्यातील सांखवाळ गावी झाला. बुद्धाचा धम्म जाणून घेण्याच्या एकाच ध्यासाने हा माणूस घर सोडून निघाला आणि नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेशापर्यंत गेला.

रस्ता कोणाचा?

पण केवळ तब्येतीसाठी चालावे एवढेच मला म्हणायचे नाही. रस्त्यावरून चालण्याचा हक्क हा आपल्या चळवळीचा पहिला धडा आहे. त्रावणकोर संस्थानात वायकोम येथे देवळाभोवतालच्या सार्वजनिक रस्त्यांवरून अस्पृश्यांना चालायला मनाई होती. कुत्रे-मांजर जाऊ शकत होते, माणूस नाही. त्याविरुद्ध ३० मार्च १९२४ रोजी सत्याग्रह सुरू झाला. आपल्या कोकणात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलने मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सर्वांना खुल्या असा तो ठराव. पण कागदावरचा हक्क पायाखाली आणल्याशिवाय खरा होत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यापर्यंत चालत गेले. ओंजळीभर पाणी प्यायले. लोक त्या ओंजळीची आठवण काढतात, ती काढावीच. मी त्या चालण्याचीही आठवण काढतो. गावातल्या पेठेतून, उजळ माथ्याने, रांगेने चालत जाणे हाच अर्धा सत्याग्रह होता.

पुढे बाबासाहेबांनी हे चालणे राज्यघटनेत कायमचे करून ठेवले. कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांच्याबाबत धर्म, जात, लिंग यांवरून कुणालाही अडवता येणार नाही असे लिहिले आहे. कलम १९ ने भारतभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क दिला. तलाव आणि रस्ते हे शब्द राज्यघटनेत का आले, हे दिल्लीच्या मोठ्या लोकांना कदाचित शोधावे लागेल. महाडच्या बाजूच्या माणसाला ते सांगावे लागत नाही.

हा लढा फक्त आपल्याच देशात झाला असेही नाही. बाबासाहेब ज्या इंग्लंडात शिकले तेथील गोष्ट सांगतो. आज त्या देशात ऑक्सफर्ड, यॉर्क यांसारख्या जुन्या शहरांच्या बाहेर पडले की शेतांतून, कुरणांतून, नदीकाठाने पायवाटा जातात. जमीन खाजगी मालकाची असली तरी त्या वाटेवरून चालण्याचा हक्क सर्वांचा असतो. सुट्टीच्या दिवशी म्हातारीकोतारी, मुलेबाळे घेऊन लोक त्या वाटांनी आरामात हिंडतात. पण डोंगराळ माळरानांवर हा हक्क सुखासुखी मिळाला नाही. मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन कारखान्यांच्या शहरांमध्ये किंडर स्काउट नावाचे मोठे पठार आहे. ते उमरावांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेले होते. २४ एप्रिल १९३२ या रविवारी सुमारे ४०० तरुण कामगार मुद्दाम त्या बंद माळावर चढले. रखवालदारांशी झटापट झाली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. पुढे १९४९ साली पार्लमेंटने पायवाटांचा आणि राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला, आणि २००० साली उघड्या माळरानांवर हिंडण्याचा हक्क कायद्याने दिला. २००२ साली, म्हणजे सत्तर वर्षांनी, त्या उमरावाच्या वारसाने झाल्या प्रकाराबद्दल जाहीर माफी मागितली.

सहा दिवस यंत्रापुढे उभा राहणारा कामगार सातव्या दिवशी मोकळी हवा मागतो. त्याला तीही कुणीतरी नाकारतो. गिरणगावात आयुष्य काढलेल्या आपल्या कोकणी माणसाला हे चटकन समजेल. महाडची ओंजळ आणि किंडर स्काउटचा माळ या दोन गोष्टी सारख्या आहेत असे मी म्हणणार नाही. तेथे गरीब-श्रीमंतीचा प्रश्न होता, येथे माणूसपणाचाच होता. पण चालून हक्क मिळवायचा आणि चालून तो राखायचा, हा मार्ग दोन्हीकडे एकच.

आमच्या सोप्या वाटा

आता सावंतवाडीच्या आसपासच्या, कुटुंबाने मिळून जाण्यासारख्या काही वाटा सांगतो. यांत गिर्यारोहण नाही, दोर नाहीत. साठीच्या आईपासून सहा वर्षांच्या नातवापर्यंत कुणीही येऊ शकेल.

पहिली वाट मोती तलावाची. शहराच्या मध्यावर हा तलाव, एका अंगाला संस्थानिकांचा राजवाडा. १९४८ साली संस्थान विलीन झाले. एके काळी राजाच्या दारापुढून जाताना आपल्या माणसाच्या मनावर काय दडपण असेल, ते आज पाण्यात दगड टाकत बसलेल्या आपल्या मुलांना कळणारही नाही. कळू नये, पण सांगावे. ज्यांना चालण्याची सवय नाही, गुडघे दुखतात, त्यांनी येथून सुरुवात करावी. सपाट रस्ता आहे, बसायला जागा आहे. पहाटे धुके पाण्यावर उतरलेले असते, तेव्हा या तलावासारखे दुसरे सुख नाही, आणि त्याला तिकीटही नाही.

दुसरी वाट नरेंद्र डोंगराची. शहराला लागून हा झाडीचा डोंगर आहे. वनखात्याच्या रस्त्याने सावकाश चढत गेले तर दम लागत नाही. वरून तलाव, लाल कौले आणि माडांचे शेंडे दिसतात. मुलांना झाडे ओळखायला लावावीत. ऐन, किंजळ, जांभूळ, कुंभा. आमच्या वाडीतील बायकांना लाकूडफाट्याच्या निमित्ताने प्रत्येक झाड माहीत. कोणत्या झाडाचा धूर डोळ्यांना झोंबतो, कोणते लाकूड निखारा धरते, कोणत्या पाल्याचा काढा तापावर देतात. शाळेतल्या मास्तरांना माहीत नाही ते या निरक्षर बायकांना माहीत आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा पुढे मुले, मागे आम्ही असे निघालो होतो. अर्ध्या तासात काकी पुढे आणि मुले तिच्याभोवती गोळा! ज्ञान हे पुस्तकातच असते असे समजणाऱ्या आपल्या शिकल्या पिढीने हे दृश्य जरूर पाहावे. या डोंगरात जनावरे आहेत, म्हणून उजेडातच जावे, घोळक्याने जावे आणि रस्ता सोडून रानात शिरू नये.

तिसरी वाट नदीची. आपली तेरेखोल नदी सह्याद्रीतून उतरते, बांद्याच्या अंगाने वाहते आणि पुढे महाराष्ट्र-गोव्याची हद्द होऊन समुद्राला मिळते. पावसाळ्यात हीच नदी बांद्याच्या बाजारपेठेत शिरून लोकांची दैना करते. थंडीत मात्र इतकी शांत असते, की हीच ती, यावर विश्वास बसत नाही. काठाने भाजीचे मळे, माडाच्या बागा, मध्येच एखादा व्हाळ येऊन मिळतो, त्यावर साकव. आणखी खाली आरोंद्याकडे गेले की नदीची खाडी होते. कांदळवनाच्या मुळ्या चिखलातून वर आलेल्या, त्यांत खेकडे आणि कोळंबीची पिल्ले. मुलांना सांगावे की ही झाडे धूप अडवतात, माशांच्या पिल्लांना आसरा देतात. आरोंदा-किरणपाणी पुलावर उभे राहिले की एका हाताला महाराष्ट्र आणि दुसऱ्या हाताला गोवा. पूर्वी येथे होडीशिवाय पलीकडे जाता येत नसे.

खाडीकाठी जाताना भरती-ओहोटी बघून जावे. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास उधाणाची मोठी भरती असते. आपण पौर्णिमेला विहारात वंदनेला जमतोच, तेव्हा हे लक्षात ठेवणे आपल्याला सोपे. काठावरून चालावे, अनोळखी पाण्यात उतरू नये.

चौथी वाट जरा लांबची, वर्षातून एकदा करण्यासारखी. आंबोलीची. सावंतवाडीहून ३० किलोमीटरच्या आसपास, यष्टीने घाट चढून जायचे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर हे गाव. तेथे हिरण्यकेशी नदी एका गुहेतून उगम पावते. तेथे देऊळ आहे. आपण जायचे ते नवसासाठी नाही, नदी कशी जन्मते ते मुलांना दाखवण्यासाठी. गंमत अशी, की हे पाणी पूर्वेकडे वाहते, घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि अखेर बंगालच्या उपसागरात जाते. आणि तेथून थोड्याच अंतरावर घाटाच्या या बाजूला पडलेला पाऊस आपल्या अरबी समुद्रात. डोंगराच्या एका धारेने पाण्याच्या दोन वाटा होतात. या उगमात २०२० साली शास्त्रज्ञांना माशाची एक नवी जात सापडली. तिला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असे नाव दिले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. बोटभर मासा, पण त्याच्यासाठी सरकारी अधिसूचना निघाली, हे ऐकून आमच्या मुलांचे डोळे मोठे झाले होते.

१९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला. मुंबई-पुण्याचे, परदेशातले लोक येतात, पैसे मोजून ही हिरवाई पाहतात. आणि आपली मुले? कित्येकांनी शेजारच्या गावची नदी पाहिलेली नाही. जी भूमी आपल्या पूर्वजांच्या घामाने भिजली ती पाहण्याचा पहिला मान आपला नव्हे काय?

वाट चालली तरच राहते

आता या चालण्याने आमच्या पदरात प्रत्यक्ष काय पडले ते सांगतो. एका गावाजवळ नदीकाठाने आमच्या समाजबांधवांच्या कुणग्यांकडे, म्हणजे भातशेतीच्या तुकड्यांकडे, जाणारी जुनी पायवाट आहे. आम्ही एका रविवारी त्या वाटेने निघालो तर वाटेत चिऱ्यांचा नवा गडगा आणि लोखंडी फाटक. फाटकाला कुलूप. बाहेरच्या कुणा खरेदीदाराने वरची जमीन घेतली होती आणि वाटही आपलीच समजून बंद केली होती. शेतवाले लोक महिनाभर लांबून वळसा घालून जात होते. 'मोठ्या माणसांच्या नादी कोण लागणार', असे म्हणून गप्प होते. कोकणात आज हे ठिकठिकाणी घडत आहे. जमिनीला भाव आला, काजू-आंब्याच्या बागा आल्या, बंगले आले. आणि सर्वांत आधी बंद होते ती गरिबाची पाणंद, कारण तिचा सातबारा कुणाच्याच नावावर नसतो.

अशा वेळी काय करावे, हे प्रत्येक वाडीला माहीत असले पाहिजे. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून गावनकाशाची नक्कल घ्यावी. जुन्या नकाशांवर गाडीरस्ते आणि पायवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. शेतीकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणे तहसीलदारांकडे दावा करता येतो. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत लक्षात ठेवा, कारण 'बघू, नंतर बघू' म्हणता म्हणता ती निघून जाते. शेताला रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. आणि वीस वर्षे उघडपणे, विनाअडथळा, हक्क म्हणून वापरलेल्या वाटेला १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचा आधार आहे. इंग्लंडातही वीस वर्षे लोक अडथळ्याविना चालत आले असतील तर ती वाट लोकांची मानतात. कायदा इथला असो की तिथला, तो विचारतो एकच गोष्ट : तुम्ही चालत होता काय?

नकाशाची नक्कल आली, अर्ज झाला. तहसीलदारांनी जागेवर येऊन पाहणी केली. त्या दिवशी वाट कोठून कोठे जात होती हे सांगायला कोण उभे राहिले? आमची तीच काकी. कोणत्या वळणावर भारा टेकायचा धोंडा आहे, कोठे व्हाळ उतरायचा, पावसात कोणत्या अंगाने जायचे, सगळे तिने चालून दाखवले. धोंडा गडग्याच्या आत निघाला. कारकुनाने, म्हणजे मी, नकाशा पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "ह्या वाटेर माझ्या पायांचो शिक्को आसा. तुझो कागद मागसून."

तहसीलदारांचा हुकूम शेतकऱ्यांच्या बाजूने झाला. समोरच्यांनी वर दाद मागितली आहे, तेव्हा लढाई संपलेली नाही. पण फाटक आज उघडे आहे आणि लोक त्या वाटेने कुणग्यांत जातात. जिने एके काळी नाइलाजाने ती वाट तुडवली, तिच्याच पावलांनी ती आज वाचवली. चाळीस वर्षांच्या कष्टाला हे एवढे तरी फळ आले. बिनओझ्याने चालायचे कशाला, या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे. चालणारा नसेल तर वाट मोडते, आणि वाट मोडली की मागोमाग हक्क मोडतो.

थोड्या सूचना

आपल्या वाडीत किंवा विहारात असा उपक्रम सुरू करायचा असेल तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. मोठा बेत करू नये. पहिल्या वेळी तासाभराची, सपाट वाट घ्यावी. जो सर्वांत सावकाश चालतो त्याच्या चालीने सर्वांनी चालावे. कुणालाही मागे टाकून जाऊ नये. पायात घट्ट वहाणा किंवा बूट असावेत. कातळावर, दगडांच्या सांदीत फुरसे असते, म्हणून न पाहता हात घालू नये, आणि चावलेच तर मंत्र-तंत्राच्या नादी न लागता सरळ सरकारी दवाखाना गाठावा. पाणी घरून न्यावे. हॉटेलचा खर्च नको. तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी किंवा घावणे बांधून घ्यावे आणि सर्वांनी एकत्र बसून खावे. प्लास्टिकचा कागदही मागे ठेवू नये. दारू पिणाऱ्याला बरोबर घेऊ नये. पंचशील हे विहाराच्या भिंतीपुरते नसते.

मुख्य म्हणजे बायकांना घेऊन जावे. त्या दिवशी भाकरी पुरुषांनीही भाजावी, म्हणजे त्यांना पहाटे चारला उठावे लागणार नाही. त्यांच्या डोक्यावरचे ओझे काढले आणि चुलीचे ठेवले, तर ते चालणे बिनओझ्याचे कसे होईल? आणि वाटेत पाच मिनिटे सर्वांनी बोलणे थांबवून, श्वासाकडे आणि पावलाकडे लक्ष देऊन चालावे. लहान मुलेसुद्धा हे आनंदाने करतात. तेच चंक्रमण. त्यासाठी बोधगयेला जाण्याची वाट पाहायला नको.

वाडीतील म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या वाटांची नावे, खुणा आणि त्या कुठून कुठे जातात हे लिहून घ्यावे. शाळेतल्या मुलांकडून एका वहीत नकाशा काढून घ्यावा. आज मोबाईलवर पावले मोजता येतात, फोटो काढता येतात, त्याचाही उपयोग करावा. ही माणसे गेली की ती माहिती कुठल्याही कचेरीत मिळणार नाही.

येत्या आश्विन पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी आपापल्या गावी एक तरी वाट चालून पाहा. नदी असेल तर नदीकाठाने, नसेल तर शेताच्या बांधाने. घरातल्या आईला, मावशीला पुढे घ्या, तिच्या हातात काहीही देऊ नका, आणि ती दाखवील त्या वाटेने तिच्या मागून चला.

जयभीम! नमो बुद्धाय!